पद्मिनीचं पॅकिंग हाताने कापताना

मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. गाडीच्या सुट्या भागांचं गिऱ्हाईक आता मुख्यतः हौशी लोकच. जुन्या साठ्यातला पॅकिंगचा, म्हणजे दोन भागांच्या सांध्यात बसणाऱ्या गॅस्केटचा, संच अजून कुठे कुठे मिळतो, पण आतला कागद वाळून आकसलेला असतो. एका स्टडवर (आट्यांच्या रोवलेल्या दांड्यावर) बसवावा तर दुसऱ्यावर भोक जुळत नाही. कॉर्कचं पॅकिंग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तर बरेचदा फुगून मापावर येतं. कागदाचं मात्र सरळ नवीनच कापावं.

ऑइल जॉइंटचा कागद स्पेअर पार्टच्या दुकानात तावाने मिळतो. साधारण ०.४, ०.८ आणि १.६ मिमी अशा जाड्या असतात. कुठली घ्यायची हे जुन्या तुकड्यावरून ठरवा, पण व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावताना बोल्टाखाली दबलेला भाग टाळा. कडेला बाहेर राहिलेली, न दबलेली पट्टी मोजा. वॉटर बॉडीला, म्हणजे पाण्याच्या पंपाला, जाडी थोडी इकडेतिकडे चालते. पेट्रोलच्या एसी पंपाला (एसी हे बनावटीचं नाव) अजिबात चालत नाही. तिथे पॅकिंग जाड झालं की कॅमपासून (इंजिनातल्या फिरत्या उंचवट्यापासून) त्याने हलणारा पंपाचा लीव्हर लांब जातो, पंपाचा पडदा (डायफ्राम) पूर्ण चालत नाही आणि घाटात गाडी पेट्रोलला तरसते. पातळ झालं तर लीव्हर कॅमवर जास्त दाबला जातो आणि झिजतो. पंपाखाली बेकलाइटचा तुकडा असेल तर तो काढून त्याची जाडी कागदाने भरून काढू नका. तो इंजिनाची उष्णता अडवायला आहे.

आकार घेताना कागद ठेवून कडेवर हातोडी मारत जायची सवय बहुतेकांना असते. बिडाच्या भागावर ठीक. ॲल्युमिनियमची कड मात्र दबते, आणि पुढचं प्रत्येक पॅकिंग तिथूनच गळतं. त्यापेक्षा तोंडाला, म्हणजे पॅकिंग बसतं त्या सपाट बाजूला, वंगणात कालवलेली काजळी पातळ लावा आणि कागदावर ठसा घ्या.

आधी बोल्टाची भोकं, मग पाण्याचा मार्ग, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. ८ मिमीच्या बोल्टाला ८.५ ते ९ मिमीचं भोक पुरतं. पोकळ पंच नसेल तर कागद भोकावर धरून बेअरिंगची गोळी ठेवा आणि हलकेच ठोका. पहिलं भोक झालं की त्यात बोल्ट घालून ठेवा, म्हणजे कागद सरकत नाही. पाण्याचं भोक धातूतल्या भोकापेक्षा अर्धा मिमी मोठं ठेवा. आत डोकावणारी कागदाची जीभ तुटून रेडिएटरच्या नळीत अडकते.

हाताने कापलेलं पॅकिंग गळतं तेव्हा दोष कागदाला दिला जातो, पण बहुतेक वेळा तोंडच सरळ नसतं. वर्षानुवर्षं आवळून एसी पंपाचे बोल्टाचे दोन्ही कान वाकलेले असतात. काचेच्या जाड तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि तोंड गोल फिरवत घासा. मधला भागही चमकायला लागला की थांबा. जुनं पॅकिंग खरवडायला स्क्रू ड्रायव्हर नको, बोथट पट्टी घ्या.

शेलॅक (सांधा बंद करायचा लाखेचा चिकट द्रव) दोन्ही बाजूंना पातळ, बोट फिरवल्याइतकंच. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला आणि पेट्रोल लागतं तिथे सिलिकॉन कधीही नाही. ते पेट्रोलमध्ये फुगतं, त्याचे धागे सुटतात आणि जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) बंद पडतो. बोल्ट आलटूनपालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळा. ॲल्युमिनियममधल्या ६ मिमीच्या बोल्टाला ८-१० न्यूटन-मीटर भरपूर झाले, पुढे आटेच निघतात. इंजिन गरम करून पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा एकदा पाना लावा, कारण नवा कागद दबतो.

वाटेत अडकलात तर थर्मोस्टॅटच्या टोपीला लग्नपत्रिकेचा कागदही घरी पोचेपर्यंत चालतो, दोन्ही बाजूंना ग्रीस चोपडून. चकचकीत लेपाची पत्रिका नको, तिच्यात ग्रीस मुरत नाही. हेडचं पॅकिंग आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग ऑइल जॉइंटच्या कागदातून कापण्याच्या फंदात पडू नये, पहिल्याच फेरीत जळतं.