बेसचा कॅब बांधताना: करवतीआधीचं गणित

बेस गिटारसाठी कॅब, म्हणजे स्पीकरचा लाकडी खोका, स्वतः बांधायचा म्हटलं की डोळ्यांसमोर करवत, गोंद आणि भुसा येतो. माझा बराचसा वेळ आकडेमोडीत गेला आणि त्यातच खरी मजा आली. एकदा प्लायवूडवर करवत फिरली की ठरवण्यासारखं फार काही उरत नाही.

सुरुवात ड्रायव्हरपासून, म्हणजे नुसत्या उघड्या स्पीकरपासून. मी 12 इंची, 8 ओहमचा, निओडिमियम मॅग्नेटवाला घेतला. फेराइट मॅग्नेटचा स्वस्त पडतो पण जड असतो, आणि जिन्यावरून कॅब उचलणारा मीच होतो. माहितीपत्रकावर ठळक अक्षरात '300 वॅट' असतं, त्याकडे मी सगळ्यात शेवटी पाहिलं. कामाचे आकडे खालच्या बारीक तक्त्यात असतात. नेव्हिल थील यांनी 1961 साली ऑस्ट्रेलियात मांडलेलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकात पुढे नेलेलं हे गणित. ते हाताशी असलं की खोका बांधायच्या आधीच त्याचा आवाज कुठवर खाली जाईल ते कळतं. माझ्या ड्रायव्हरचा एफएस (मोकळा असताना तो आपोआप ज्या सुराला घुमतो तो) 45 हर्ट्झ, क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलं जातं त्याचा आकडा) 0.38, व्हीएएस (त्याच्या लवचिकतेइतकी लवचिक हवा) 70 लिटर आणि एक्समॅक्स 5.5 मिलिमीटर. शेवटचा आकडा म्हणजे कोन, म्हणजे स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा, मधल्या जागेपासून एका बाजूला आवाज न बिघडता किती हलू शकतो ते. हे चार आकडे विनआयएसडी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भरले की आलेख समोर येतो.

मग खरा वाद सुरू झाला, माझा माझ्याशीच. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची ई म्हणजे 41 हर्ट्झ. मग कॅब 41पर्यंत सपाट, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने, वाजायला नको का? केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातले 'एच', अँटन हॉफमन, यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: लहान खोका, खोल बेस आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. 41चा हट्ट धरला असता तर खोका तरी फुगला असता किंवा आवाज तरी पडला असता. शिवाय ई वाजवल्यावर कानाला जे जाणवतं त्यातला मोठा वाटा 82 हर्ट्झच्या दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे त्याच स्वरात मिसळलेल्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, असतो. अँपेग कंपनीचा आठ दहा-इंची स्पीकरांचा प्रसिद्ध कॅब बंद खोक्याचा आहे, 41 हर्ट्झला तो बऱ्यापैकी उतरलेला असतो, आणि तरी त्याला कुणी 'बेस कमी आहे' म्हणत नाही. म्हणून मी 60 लिटरचा खोका आणि 48 हर्ट्झचं ट्यूनिंग (पोर्ट, म्हणजे खोक्याचं हवेचं भोक, ज्या सुराला घुमतं तो) यावर थांबलो. पाच तारांचा बेस वाजवत असतो तर हिशेब पुन्हा मांडला असता. तिथे खालची बी 31 हर्ट्झची.

48 हर्ट्झसाठी 10 सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचे दोन पोर्ट ठरले, प्रत्येकी साधारण 26 सेंटिमीटर लांब. एका पोर्टमध्येही हेच ट्यूनिंग जमतं, आणि तो आखूडही होतो. मोह होतो खरा. पण तेवढीच हवा निम्म्या भोकातून जायची म्हणजे वेग दुप्पट, आणि मग पोर्ट फुसफुसतो. सेकंदाला 17 मीटरच्या आत राहावं असा एक ढोबळ नियम आहे. दोन पोर्टमध्ये शंभर वॅटला माझा हिशेब 19च्या आसपास आला. तेवढं चालवून घेतलं.

याच आलेखांमध्ये 300 वॅटचं पितळही उघडं पडलं. तो आकडा ड्रायव्हरमधली तारेची कॉइल जळू नये यासाठीचा. कोनची हालचाल मोजली तर 41 हर्ट्झला शंभर वॅटच्या आसपासच एक्समॅक्स गाठला जातो, आणि 35 हर्ट्झला जेमतेम तीसला. पोर्टच्या ट्यूनिंगखाली खोक्यातली हवा कोनला आवरत नाही, तो मोकाट सुटतो. 41च्याही खाली सूर कुठलाच नसतो, असतात तारेवर हात आपटल्याचे धक्के. म्हणून अँपच्या आधी 35 हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचा आवाज अडवणारी गाळणी, लावला. माझ्या मते मोठ्या अँपपेक्षा हा खर्च आधी करावा.

सुतारकामाबद्दल थोडक्यात. ड्रायव्हर, पोर्ट आणि आधाराच्या पट्ट्या जी जागा खातात ती धरून आतलं माप 52 गुणिले 36 गुणिले 37.5 सेंटिमीटर, म्हणजे 70 लिटर. 15 मिलिमीटरचं बर्च प्लाय. एमडीएफ जड होतं आणि त्याचे कोपरे आपटले की चुरतात. समोरासमोरच्या मोठ्या फळ्यांमध्ये आडवे आधार, सांध्यांना पांढरा गोंद, ड्रायव्हरचे स्क्रू धरायला लाकडात बसणारे टी-नट आणि फोमची पट्टी, भिंतींना पॉलिएस्टरचा कापूस (पोर्टच्या तोंडापासून लांब), मागे स्पीकॉन (फिरवून घट्ट बसणाऱ्या स्पीकर-प्लगचं) सॉकेट. साधा पाव इंची जॅक टाळला, कारण तो खुपसताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो.

पोर्ट मुद्दाम 29 सेंटिमीटरचे ठेवले होते. कापता येतात, जोडता येत नाहीत. एक किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडून लॅपटॉपवरून एकेक फ्रिक्वेन्सी सोडली आणि मल्टिमीटरने ड्रायव्हरच्या टोकांवरचं व्होल्टेज लिहीत गेलो. पोर्टवाल्या खोक्याच्या इम्पीडन्सच्या (विजेला होणाऱ्या विरोधाच्या) आलेखाला उंटाच्या पाठीसारखी दोन मदारं येतात आणि मधला खळगा म्हणजे ट्यूनिंग. खळगा 46च्या जरा वर निघाला, आणि दोन्ही मदारं उंच आणि टोकदार होती, म्हणजे हवा कुठून गळत नव्हती. पाइप थोडे थोडे कापत 48वर आणला. सगळ्या कामात मला हा भाग सर्वात आवडला, कारण इथे प्रोग्रॅमचं म्हणणं खरं की खोटं ते हातातल्या मीटरवर दिसतं.

वाजवल्यावर जाणवलं ते खोल बेसपेक्षा मधल्या पट्टीतलं स्वच्छपण. 150 ते 250 हर्ट्झच्या आसपास फळ्या घुमत नाहीत, त्यामुळे ड्रमच्या जोडीनेही स्वर वेगळा ऐकू येतो. ए तारेवरचे वरचे स्वर किंचित पुढे येतात. अँपवर लो-मिड (मधल्या पट्टीचा खालचा भाग) थोडा उतरवला की बसतात.

आता अगदी असाच दुसरा बांधायला घेतोय. दोन्ही समांतर जोडले की 4 ओहम होतील, माझ्या अँपला तेवढे झेपतात, आणि व्होल्टेज तेच ठेवून खालच्या पट्टीत सुमारे 6 डेसिबल जास्त मिळतील. ते शेजारी न ठेवता एकावर एक ठेवायचे, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज आडवा नीट पसरतो आणि वरचा ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो.