तुम्ही विचारलंत म्हणून : मराठीचा इतिहास कुठून वाचायला घ्यावा?

‘मराठी भाषेच्या इतिहासावर एखादं चांगलं पुस्तक सांगा ना,’ असं मला बरेचजण विचारतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर जास्तच.

पहिलं नाव मी डोळे मिटून सांगते : ना. गो. कालेलकरांचं ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’. १९६७ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाषाशास्त्राचा गंध नसलेल्या माणसानेही ते बेलाशक हाती घ्यावं.

त्यानंतर मात्र पारखून घ्या. दोन शब्द कानाला सारखे लागले की एकातून दुसरा काढून दाखवणारी पुस्तकं बाजारात खूप आहेत. ती सरळ बाजूला ठेवा. भाषेतले आवाज मनमानी बदलत नाहीत, त्या बदलांना नियम असतात. ‘घराचा’ आणि ‘घराची’ मोठ्याने म्हणून बघा. ‘माझा’, ‘माझी’ म्हणा. अक्षर तेच, पण जीभ वेगळ्या जागी लागते. पुढे इ किंवा ए आला की च, झ तालव्य, म्हणजे टाळूला जीभ लावून उच्चारलेले, राहतात, एरवी ते दातांकडे सरकतात. मग ‘चंद्र’, ‘चरण’ यांना हा नियम का लागत नाही? कारण ते संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले आहेत. आपण रोज बोलतो त्यात केवढा इतिहास आहे, हे मला इथे पहिल्यांदा जाणवलं. ही उकल नीट वाचायची असेल तर फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक वाचा. त्यांचा फ्रेंच ग्रंथ पॅरिसला १९२० मध्ये निघाला आणि वा. गो. परांजप्यांनी तो १९४१ मध्ये ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. वाचायला जड आहे, पण नेटाने वाचाच.

‘मराठीतला पहिला कोरीव लेख कुठला?’ हा प्रश्नही ठरलेला. त्यासाठी शं. गो. तुळपुळ्यांचं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) बघा. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिळेवर त्यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असं वाचलं. हा लेख पहिला, हा दावा या सालावरच उभा आहे; पण त्या वाचनावर पुढे वाद झाले. मला हे पुस्तक मोलाचं वाटतं ते लेखांच्या मूळ पाठासाठी : दावा कशावर उभा आहे, ते आपल्याला स्वतः तपासता येतं.

यातली बरीच पुस्तकं दुकानात मिळत नाहीत. जुन्या ग्रंथसंग्रहालयात विचारा. कोशांसाठी मात्र वणवण नको. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची आवृत्ती) आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोशही तिथेच आहे. कृ. पां. कुलकर्णींच्या ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’त एखाद्या शब्दाचं मूळ सापडलं, की मी ते टर्नरशी ताडून पाहते आणि दोघांचं जुळलं नाही तर ब्लॉकच्या शेवटची शब्दसूची उघडते.