दारावरची पाटी आणि दारोदार विक्रीचे नियम

रात्रपाळी केलेल्या माणसाला दुपारी वाजणाऱ्या बेलचा त्रास समजावून सांगावा लागत नाही. मी तीन वर्षे रात्रपाळी केली. सकाळी घरी येऊन, पडदे ओढून, नुकता कुठे डोळा लागावा आणि बेल वाजावी. दार उघडले की समोर नमुन्याच्या बाटल्यांची पिशवी घेतलेला विक्रेता उभा. अखेर बेलच्या बटणाशेजारी चिकटपट्टीने कागद लावला : ‘रात्रपाळी आहे, कृपया बेल वाजवू नये.’ पत्रके वाटत आलेल्या एका मुलीने तो वाचला असावा, कारण तिचे पत्रक मला संध्याकाळी दाराखालून सरकवलेले मिळाले. काही जणांनी मात्र तो वाचूनही बटण दाबले.

दारोदार विक्रीवरील स्थानिक नियमांचा इतिहास वाचताना हीच झोप पुन्हा पुन्हा भेटते. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर या रेल्वेच्या गावाने १९३१ साली, घरच्यांनी बोलावल्याशिवाय विक्रेत्याने दारात जायचे नाही, असा नियम केला. रेल्वेचे रात्रपाळीचे कामगार दिवसा झोपत, हे त्यामागचे एक कारण. पुढे अनेक गावांनी तो नियम उचलला, आणि १९५१ मध्ये मासिकांची वर्गणी गोळा करणाऱ्या एका विक्रेत्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका नियमाला मान्यताही दिली.

तरीही मला अधिक पटतो तो त्याच न्यायालयाचा १९४३ चा निकाल. ओहायोतील स्ट्रदर्स या कारखान्यांच्या शहराने, रात्रपाळीच्या कामगारांचेच कारण देऊन, पत्रके वाटण्यासाठी बेल वाजवण्यावर सरसकट बंदी घातली होती आणि धार्मिक सभेचे निमंत्रण वाटणाऱ्या एका बाईंना १० डॉलर दंड झाला होता. न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण दारात आलेल्या माणसाशी बोलायचे की नाही, हे त्या घरातल्या माणसाने ठरवायचे असते आणि शहराने तो निर्णय सर्वांच्या वतीने परस्पर घेऊन टाकला होता. माझी झोप मला प्रिय होती, पण शेजारच्या घरातल्या कोणाला त्या सभेला जायचे असेल, तर माझ्या झोपेसाठी त्याचे दार का बंद व्हावे?

ओहायोतल्याच स्ट्रॅटन या छोट्या गावाने दारोदार फिरण्यासाठी महापौरांच्या कार्यालयातून परवाना घेण्याची अट घातली होती. परवाना फुकट होता. पण धर्मप्रचारकांनाही ती अट लागू केल्याने २००२ मध्ये तीही टिकली नाही. चोऱ्या आणि फसवणूक रोखण्यासाठी अट हवी, हा गावाचा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही : चोर रस्ता विचारण्याच्या निमित्तानेही दारात येऊ शकतो. त्याच नियमांत नको असलेल्या भेटींसाठी नाव नोंदवून दारावर पाटी लावण्याची सोय होती, आणि ती पाटी व बोलण्यास नकार देण्याचा हक्क एवढे संरक्षण पुरेसे आहे, असे निकालात म्हटले आहे.

मला नियमांत एवढेच हवे आहे की ती पाटी डावलणाऱ्याला दंड व्हावा, मग तो साबण विकणारा असो वा मते मागणारा. माझ्या कागदामागे असा कोणताही नियम नव्हता. तो वाचून परत जाणे किंवा न जाणे सर्वस्वी येणाऱ्याच्या मर्जीवर होते.