फ्रिजच्या डोक्यावरची वाईन

वाईनची बाटली ठेवायला घरातली सगळ्यात वाईट जागा कोणती, तर फ्रिजचं डोकं. नेमकी तीच जागा रिकामी असते, म्हणून बाटली तिथे जाऊन बसते. मागून येणारी ऊब, कॉम्प्रेसरची थरथर, वर दिवा. काही महिन्यांनी बाटली उघडायची आणि नावं वाईनला ठेवायची!

साठवणुकीसाठी सांगितला जाणारा आकडा १२ ते १३ अंश सेल्सियस. मी या आकड्याच्या फार मागे लागत नाही. वर्षभर १६ अंशांच्या आसपास टिकून राहणारी जागा मिळाली, तर सतत वर-खाली होणाऱ्या जागेपेक्षा ती कधीही बरी. तापल्यावर वाईन फुगते आणि बुचाला आतून रेटते. निवली की आकसते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढली जाते. हे पुन्हापुन्हा झालं की फळांचा ताजा वास जातो आणि शिजवल्यासारखी चव उरते. (मदेरा ही पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाईन सन्माननीय अपवाद. तिच्यातली बरीचशी मुद्दाम साधारण ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात, म्हणून ती कशालाच घाबरत नाही.)

जागा निवडताना भिंतीवरच्या थर्मामीटरवर विसंबू नका. तो हवेचं तापमान सांगतो आणि हवा तासाभरात बदलते. बाटलीतला द्रव मात्र सावकाश तापतो, सावकाश निवतो. म्हणून मी वाईनच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरतो, त्यात वायरवाल्या थर्मामीटरचं टोक सोडतो, तोंड बंद करतो आणि ती बाटली जिथे वाईन ठेवायची तिथे आडवी न करता तशीच उभी ठेवतो. कमाल आणि किमान दोन्ही लक्षात ठेवणारा थर्मामीटर असेल तर सारखं डोकावावंही लागत नाही. ही परीक्षा ऐन उन्हाळ्यात घ्यायची, थंडीत सगळ्याच जागा पास होतात.

माझ्याकडे या परीक्षेत कपड्यांच्या कपाटाचा तळाचा खण पहिला आला. घराच्या मधल्या भिंतीला लागून, जमिनीजवळ, कायम अंधारात. स्वयंपाकघरातलं छानसं लाकडी रॅक सपशेल नापास झालं, कारण ओव्हन लागला की तिथला पारा चढायचा. आता स्वेटरांच्या शेजारी बाटल्या आडव्या झोपलेल्या असतात. घरच्यांची कुरकुर चालू आहे, पण वाईन खुशाल आहे.

बाटली आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवा नाहीतर आडवी, काही बिघडत नाही. अंधाराचं मात्र मनावर घ्या. विशेषतः पारदर्शक, बिनरंगी काचेतली रोझे (गुलाबी) आणि व्हाईट वाईन उजेडात फार लवकर बिघडते, तिला ओल्या लोकरीसारखा किंवा उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो.

साध्या फ्रिजच्या आत ठेवावी का? आत ४-५ अंश असतात आणि हवा कोरडी. काही आठवडे खुशाल ठेवा. वर्षानुवर्षं ठेवलीत तर बूच सुकण्याची भीती. पण घरात सगळीकडे ३० अंश असतील, तर मी डोळे मिटून फ्रिज निवडेन. उघडलेली बाटली तर रेड असली तरी फ्रिजमध्येच, आणि प्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर.

वाईनसाठीचा वेगळा छोटा फ्रिज घेणार असाल तर एकच गोष्ट तपासा. कॉम्प्रेसर नसलेली मॉडेल शांत असतात, थरथरत नाहीत, पण खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात. खोली तापली की त्यांचा दम संपतो. गरम घरात कॉम्प्रेसरवालाच घ्यावा. तोही बाटल्या खरंच वर्षानुवर्षं ठेवणार असाल तरच. बाजारातली बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षांत प्यायचीच असते आणि तिला तळाचा खण पुरतो.

आणि बुचाचं डोकं बाटलीच्या तोंडाबाहेर आलेलं दिसलं, किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ लागला, तर ती बाटली कुठेतरी तापली असण्याचा दाट संशय घ्यावा. अशी बाटली साठवत बसू नका, आधी तीच उघडा.