पुसण्याआधी पाहा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुरुजनांबद्दल बरेच जण लिहितीलच. मी आपल्या टेक्निकलच्या वर्कशॉपमधल्या एकाच कामाबद्दल लिहितो : इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वरखाली होणारा पिस्टन आणि त्याला खालच्या फिरत्या क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड काढून तपासणं. पुणे, हैदराबाद, विजापूरकडचे ट्रक आणि गळीत हंगामातले उसाचे ट्रॅक्टर, यांच्यावर सोलापुरात आपल्या कितीतरी पोरांचं घर चालतं.

इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचं तेलाचं भांडं (सम्प) उतरलं की हात लगेच बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या खालच्या मोठ्या टोकाच्या, नटांकडे जातो. थांबा. आधी सिलिंडरच्या वरच्या काठावर नख फिरवा. पिस्टनवरची सगळ्यात वरची रिंग (कडी) पोचते त्याच्याही वर बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, झिजत नाही, म्हणून तिथं कड उरते. नख अडकलं तर ती कड रिज रीमर या तासायच्या हत्यारानं काढायची. नाहीतर पिस्टन वर येताना रिंग आपटते आणि दोन रिंगांमधली भिंत फुटते.

मग रॉड आणि बिग एंडचा खालचा सुटा अर्धा भाग, म्हणजे कॅप, यांच्यावरचे नंबर पाहा. नसतील तर जोडाच्या दोन्ही बाजूंना, बिग एंडच्या जाड भागावर खुणा करा. रॉडच्या मधल्या दांड्यावर पंच मारू नका, तडा तिथूनच सुरू होतो. कॅप रॉडला लावूनच बोअर केलेली असते, त्यामुळे अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही.

क्रँकपिन, म्हणजे क्रँकशाफ्टचा ज्यावर बिग एंड बसतो तो गोल भाग, खाली आणून नट आलटून पालटून सैल करायचे आणि कॅप काढायची. बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे क्रँकपिनला चरा पडणार नाही. हातोडीच्या लाकडी दांड्यानं पिस्टन वर ढकला आणि बाहेर येताच कॅप आणि शेल (बेअरिंगचे अर्धगोल पत्रे) आपापल्या रॉडला परत लावून ठेवा.

खरं काम इथून पुढं, आणि तेच घाईत उरकलं जातं. पिस्टन लगेच डिझेलमध्ये बुडवू नका, आधी त्याच्यावरच्या खुणा पाहा. स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या रिंगांखालच्या भागावर, चकाकी मधोमध हवी. ती एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली दिसली तर रॉड वाकलाय, अलाइनरवर (वाक मोजायच्या साधनावर) घ्या. १०० मिमीला ०.०५ मिमी वाक ही साधारण मर्यादा, शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या पुस्तकाचा. पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या दोन्ही अंगांना मिळून चार ठिकाणी ओरखडे असतील तर इंजिन तापलेलं आहे. सगळीकडून उभे बारीक चरे आणि पातळ झालेल्या रिंगा म्हणजे धूळ : एअर क्लीनरचा होज आणि क्लिपा बघितल्याशिवाय नव्या रिंगा टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे बुडवणं. डिझेल इंजिनाच्या पिस्टनचा माथा एका जागी वितळलेला दिसला तर डिझेल फवारणारा इंजेक्टर टेस्टरवर लावा.

पिस्टन मोजताना मायक्रोमीटर पिनच्या काटकोनात, स्कर्टवर धरायचा. पिस्टन अंडाकृती असतो, पिनच्या दिशेनं माप कमीच येतं. रिंगेच्या दोन टोकांमधला गॅप पाहताना उलट्या पिस्टननं रिंग बोअरच्या खालच्या, न झिजलेल्या भागात सरळ ढकला. १०० मिमी बोअरला साधारण ०.३० ते ०.४० मिमी. कमी ठेवला तर तापल्यावर टोकं भिडतात आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) खरवडतं.

शेलमध्ये रॉडकडचा अर्धा आधी पाहा, स्फोटाचा भार त्याच्यावरच येतो. तांब्याचा रंग दिसला की शेल बदलायचे आणि क्रँकपिनही मोजायची.

बोल्टांत काटकसर नको. ताणून आवळायचे बोल्ट दरवेळी नवेच. बाकीच्यांवर नट हातानं शेवटपर्यंत फिरवून पाहा. मध्येच जड झाला तर बोल्ट लांबलाय, तो भंगारात.