दगड वर गेला

दुपारी जेवून जरा पाठ टेकली की फोन टुंग झालाच. 'टाकीत २२ टक्के पाणी शिल्लक.' मे महिना, संभाजीनगरचं ऊन, नळ येऊन सहा दिवस झालेले. २२ टक्के म्हणजे किती बादल्या, हे मला अजून उमगत नाही. तोंडातून आपसूक निघालं, "दगड वर गेला म्हणायचा."

भाच्यानं आमरसाच्या वाटीतून मान वर केली. "काय गेलं, मावशी?"

हे यंत्र त्याचंच. टाकीच्या झाकणाला आतून चिकटवलंय. आपल्याला ऐकू न येणारा आवाज ते खाली सोडतं, तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढतं आणि माझ्या फोनला कळवतं. गेल्या आठवड्यात दिवसभर १०० टक्के दाखवत होतं. मी निर्धास्त चादरी भिजवल्या आणि ऐन खळबळायच्या वेळी नळाची नुसती फुसफुस. वर जाऊन बघितलं तर यंत्राच्या तोंडाशी वाफेचे थेंब जमलेले. "तेवढं होतं कधी कधी," भाचा म्हणाला. त्याचं काय जातंय.

पुण्यात तो हेच शिकतो. माणसांच्या रोजच्या कामात कॉम्प्युटर कसा बेमालूम मिसळावा, याचा अभ्यास. असाही अभ्यास असतो हे मला त्याच्यामुळेच कळलं. केंब्रिजच्या कॉम्प्युटर विभागातल्या लोकांनी म्हणे १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता. जिने चढून जावं आणि भांडं रिकामं, याचा वैताग. मग जागेवर बसूनच भांड्याचं चित्र बघायचे. पुढे ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि कॉफीशी काही देणंघेणं नसलेली जगभरची माणसं २००१ पर्यंत ते भांडं बघत बसली. मला यात नवल वाटलं नाही. लातूरला आमच्या गल्लीतल्या बायका दुसऱ्याच्या टाकीवर असाच डोळा ठेवून असायच्या, कॅमेऱ्याशिवाय.

तर दगड. लातूरच्या आमच्या घरी स्लॅबवर सिमेंटची टाकी होती. पाणी किती उरलंय ते बघायला दरवेळी शिडी लावून वर कोण जाणार? अण्णांनी डालड्याचा रिकामा डबा आणला, थोडी वाळू घातली, तोंड झाळून घेतलं आणि टाकीत सोडला. डब्याला नायलॉनची दोरी, दोरी कप्पीवरून बाहेर, आणि दुसऱ्या टोकाला अंगणाच्या बाजूनं लोंबणारा दगड. वाळू का, तर डबा दगडापेक्षा जड पाहिजे. नाहीतर दगडच खाली बसतो आणि डबा वर टांगून घेतो. तीनदा वाळू वाढवली तेव्हा कुठं जमलं. भिंतीवर गेरूनं रेघा ओढल्या. पाणी कमी झालं की डबा खाली, दगड वर. म्हणजे सगळं उलटं.

हे उलटं आम्हा पोरांच्या अंगवळणी पडलं होतं, पाव्हण्यांच्या नाही. एकदा मामा आले, दगड कप्पीला टेकलेला बघून म्हणाले, "वा, टाकी फुल्ल!" आणि शिल्लक होती तेवढ्यात ऐसपैस अंघोळ उरकली. आई न्हाणीच्या दारात उभी राहून दात-ओठ खात होती. भावाला बोलणार कसं?

मग घरात तो शब्दच झाला. पंचवीस तारखेला अण्णांचा दगड वर गेलेला असायचा. डब्यातलं पीठ संपत आलं की आई म्हणायची, "दगड वर गेलाय बघ, गिरणीत जाऊन ये." परीक्षेच्या आदल्या रात्री माझा तर कायमच वर.

भाचा खो खो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. त्यांच्या विषयात एक दोरी फार नावाजलेली आहे म्हणे. मार्क वायझर नावाचा एक माणूस कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' नावाच्या संशोधन केंद्रात होता. कॉम्प्युटरनं आपलं लक्ष सारखं मागू नये, भिंतीसारखं गप्प आजूबाजूला असावं, असं तो १९८८ पासून सांगायचा. तिथंच नॅटली जेरेमिजेन्को या कलावंत बाईनं छताला छोटी मोटर लावून आठ फुटांची प्लॅस्टिकची दोरी टांगली. मोटर ऑफिसच्या नेटवर्कच्या वायरीला जोडलेली. वायरीतून माहिती कमी जात असली की दोरी अधूनमधून थरथरायची, खूप जायला लागली की गरगरा फिरायची. कुणी मुद्दाम बघायचं नाही. काम करता करता डोळ्याच्या कोपऱ्यातून कळायचं. वायझर १९९९ मध्ये गेला, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी. दोरीचं नाव मात्र अजून निघतं.

"आणि हा तुझा फोन," मी म्हटलं, "ऐन झोपेत टुंग करतो. अण्णांचा दगड कधी बोलला नाही."

"पण मावशी, दगड बघायला अंगणात असायला लागतं."

हे त्याचं खरं होतं. आणि आम्ही अंगणातच असायचो. धुणं, भांडी, शेंगा फोडणं, अभ्यास, भांडणं, सगळं तिथंच. दगड नजरेआड होईल असं काही आमच्या आयुष्यात नव्हतंच. जेवून हात धुताना अण्णांची नजर एकदा वर जायची. त्यावर रात्री कोण पाय धुणार आणि कोण नुसते पुसणार, ते ठरायचं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर गाडी दिसली तशी मी घरी फोन लावला आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, "अण्णा, दगड कुठंय?"

"काढला," ते म्हणाले. दीड महिना कप्पीलाच टेकलेला होता. येता-जाता दिसतो, म्हणून दोरी कापून पायरीशी ठेवून दिला.

पाऊस झाला, धरण भरलं, नळ यायला लागले. दोरी पुन्हा बांधली नाही.

भाच्याला हे सांगितलं नाही. तो यंत्राची ती वाफेची भानगड मिटवायच्या मागे आहे. झाकणाला छोटी नळी बसवून बघतो म्हणाला. तेवढ्यात फोन परत टुंग झाला. १९ टक्के. मी तो उशीखाली सरकवला आणि कूस बदलली.