तुम्ही विचारलंत म्हणून: उत्क्रांती होताना कोणी पाहिली आहे का?

फोंड्याच्या महाविद्यालयातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अळसांदे घेताना जुना विद्यार्थी भेटला की हटकून विचारतो, "सर, उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात, मग ती होताना कोणी पाहिली आहे का?" पाहिली आहे, उंदराच्या प्लीहेत, आणि तीही दोन आठवड्यांत.

एनपी नावाचा छोटा रेणू प्रथिनाला जोडून उंदराला टोचला, की त्याला ओळखणाऱ्या बी पेशी (प्रतिपिंडे, म्हणजे परक्या रेणूंना धरणारी प्रथिने, बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) प्लीहेतील जननकेंद्रे नावाच्या पुंजक्यांत जमून भराभर विभागू लागतात. १९९९ साली जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या गटाने शोधलेले एआयडी हे विकर (एन्झाइम) तेथे प्रतिपिंडाच्या जनुकातील सायटोसीन या अक्षराचे युरॅसील करते. दुरुस्तीची यंत्रणाही ढिसाळपणा करते, आणि दर विभाजनाला हजार अक्षरांमागे साधारण एक चूक राहते. नेहमीच्या मानाने हा वेग सुमारे दहा लाख पट आहे.

यातील बहुतेक चुका निरुपयोगी असतात, काही तर घातक. (उत्परिवर्तन म्हणजे सुधारणा, हा समज मला वर्गात कधीच पुसता आला नाही.) मात्र 'ब्लॅक सिक्स' जातीच्या उंदरांत एक चूक पुन्हा पुन्हा सापडते: प्रतिपिंडाच्या जड साखळीच्या ३३ व्या स्थानी जनुकातील टीजीजी या तीन अक्षरांचे टीटीजी होते, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसीन येते, आणि तेवढ्या एका अक्षराने प्रतिपिंड एनपीला सुमारे दहा पट घट्ट धरते. अशी पेशी प्रतिजन (येथे एनपी जोडलेले प्रथिन) अधिक गोळा करते, मदतनीस टी पेशींची मदत अधिक मिळवते आणि वाढते. मागे पडलेल्या मरतात. चूक कोठेही होऊ शकते, पण वेगवेगळ्या उंदरांत तीच टिकून राहिलेली दिसते, ती निवडीमुळे.

"मग हे पिल्लांना मिळते का?" हा पुढचा प्रश्न. खाजनातल्या (खाडीलगतच्या शेतातल्या) खाऱ्या पाण्यात तगलेल्या कोरगुट भाताचे बियाणे शेतकरी पुढच्या हंगामासाठी राखतो; उंदराच्या बाबतीत तसे होत नाही, कारण हे बदल बी पेशींत होतात, अंडपेशींत वा शुक्रपेशींत नव्हे. मादीची तयार प्रतिपिंडे गर्भात आणि दुधातून पिल्लाला मिळतात खरी, पण ती काही आठवड्यांत ओसरतात आणि बदललेले जनुक मादीबरोबरच संपते.